उघडझाप

सरकारी प्रसिद्धी खात्याच्या फोटो विभागात त्यांना सगळे डोळेबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते सही करण्यापुरतं लागे. उद्घाटनं, सत्कार, पाहणी दौरे यांचे फोटो विभागात येत. त्यांत ऐन वेळी ज्यांनी डोळे मिटलेले असत, त्यांचे डोळे बाई ब्रशने उघडून देत.

तेव्हा फिल्म जपून वापरायची असे आणि फीत एकदाच कापली जाई. कापणाऱ्या साहेबांनी नेमके तेव्हाच डोळे मिटले, तर फीत पुन्हा जोडून ‘साहेब, परत एकदा’ म्हणायची सोय नव्हती. मग तो फोटो बाईंच्या टेबलावर येई. भिंगाखाली चेहरा मोठा दिसे, तरी डोळा मोहरीएवढाच. त्या मोहरीत बुबुळ बसवायचं, भोवतीचं पांढरं राखायचं आणि शेवटी उजेडाचा एक ठिपका ठेवायचा. ठिपका द्यायचा राहिला तर साहेब गेल्यासारखे दिसत, आणि ते त्यांना चालत नसे.

हे काम त्यांना विभागातल्या जुन्या मास्तरांनी शिकवलं. मास्तर बोलत कमी, टोकत जास्त. त्यांचा एक नियम होता, रेघ ओढून ब्रश उचलला की पापणी पाडायची. भिंगातून एकटक बघत राहिलं की डोळा कोरडा पडतो आणि कोरड्या डोळ्याला एका रेघेच्या दोन दिसतात. सुरुवातीला बाईंना हे मुद्दाम करावं लागे. पुढे हात उचलला जाई तशी पापणी आपोआप पडे. श्वासाकडे आपलं लक्ष नसतं, तसं त्यांचं पापणीकडे राहिलं नाही.

चूक एकदाच झाली, पण ती विभागाला कायमची पुरली. एका शोकसभेचा फोटो आला होता. सगळे अधिकारी उभे, माना खाली, डोळे मिटलेले. फोटोमागची चिठ्ठी गळून पडली होती. एवढ्या माणसांनी एकदम डोळे मिटलेले बघून बाईंना फोटोग्राफरची कीव आली आणि त्यांनी एकेकाचे डोळे उघडून दिले. छापून आलं तेव्हा पहिल्या रांगेतले सगळे जण मृताच्या तसबिरीसमोर टक लावून आपल्या बुटांकडे बघत होते.

मास्तर ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, मिटलेला प्रत्येक डोळा चुकलेला नसतो."

एरवी मात्र मिटलेला डोळा म्हणजे चूक, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं की समोर कॅमेरा आला की त्यांचे स्वतःचे डोळे सताड उघडत आणि तसेच राहत. निरोप समारंभ, लग्नं, बारशी, कोणत्याही फोटोत बाई डोळ्यांत तेल घालून बसलेल्या. "डोळेबाईंचे डोळे मिटलेला फोटो दाखवा आणि महिन्याचा चहा माझ्याकडून घ्या," असं विभागातला शिपाई म्हणायचा. तो चहा त्याला कधी पाजावा लागला नाही.

त्या निवृत्त झाल्या, मास्तर गेले, विभागात संगणक आला. आता त्या मुलाकडे राहतात. तिसऱ्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. मुलगा बस चालवतो. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, आणि बाईंनी आयुष्यात पाहिले नसतील एवढे फोटो ती एका दिवसात काढते.

माणसांचे फोटो त्यात थोडे. बाजारात जाण्यापूर्वी ती फ्रिज उघडून आतल्या फळ्यांचा फोटो काढते. दुचाकी लावली की शेजारच्या खांबाचा काढते, म्हणजे परत सापडते. दाराला कुलूप लावलं की कुलपाचा. आणि निघताना गॅसच्या बटणांचा. गॅस बंद केला का, हे तिला नेहमी खाली रस्त्यावर आठवायचं आणि तीन मजले चढावे लागायचे. आता ती तिथेच थांबून फोटो बघते.

"आणि कालचा फोटो बघितलास तर?" बाईंनी एकदा विचारलं.

"रोज संध्याकाळी पुसते ना मी."

"पुसायचाच होता तर काढलास कशाला?"

"अहो आई, फुकट आहे."

एका रविवारी सुनेने नवऱ्याचा फोटो काढला, त्यात त्याचे डोळे मिटलेले आले. तिने अंगठा फिरवला आणि फोटो गेला. दुसरा काढला. बाई बघत होत्या. त्यांच्या हिशेबी ते अर्ध्या दिवसाचं काम होतं.

पेन्शन बाईंना स्वतःची आहे. फार नाही, पण चष्मा, औषधं, वर्तमानपत्र त्यांचं त्यांना आणता येतं. मुलाने ‘आई, काही हवंय का?’ विचारलं की ‘नको’ म्हणता येतं. पेन्शनचा खरा उपयोग त्यांना हाच वाटतो. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतकी वर्षं त्या बँकेत जात, खिडकीतला माणूस मान वर करून त्यांच्याकडे बघे आणि शिक्का मारी.

यंदा त्या गेल्या, तर खिडकी तीच होती, शिक्का नव्हता.

"मावशी, आता सगळं मोबाइलवर," खिडकीतला कारकून म्हणाला. "चेहरा दाखवायचा, डोळ्यांची उघडझाप करायची, झालं."

"मी उभी आहे की तुमच्यासमोर."

"मला दिसतंय हो. पण मला दिसून काय उपयोग? यंत्राला दिसलं पाहिजे."

"चेहरा समजू शकते. उघडझाप कशाला?"

कारकुनाने आवाज जरा खाली आणला. "लोक फोटो धरतात समोर. म्हातारं माणूस गेलेलं असतं, त्याचा फोटो मोबाइलपुढे धरायचा आणि पेन्शन खात बसायचं. फोटो काही पापणी हलवत नाही. म्हणून ही युक्ती."

बाईंना हे पटलं. उभ्या जन्मात त्यांनी फोटोला पापणी हलवताना पाहिलं नव्हतं.

कारकून भला होता. त्याने स्वतःचा मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर एक गोल, गोलात बाईंचा चेहरा, खाली अक्षरं: कृपया डोळ्यांची उघडझाप करा. बाईंनी कॅमेरा पाहिला. मान सरळ झाली, डोळे उघडले आणि तसेच राहिले.

"करा, मावशी."

"करते आहे."

"कुठे? नुसत्या बघताय."

डोळ्यांना पाणी आलं, पण पापणी लवली नाही. गोल लाल झाला. दोन-तीनदा तेच झाल्यावर यंत्राने ओळख पटली नसल्याचं जाहीर केलं आणि उद्या यायला सांगितलं.

"शुक्रवार शेवटचा," कारकून म्हणाला. "घरी कुणाकडून तरी करून घ्या. नाही तर पेन्शन थांबते, आणि थांबलेली सुरू करायची तर मुख्य कचेरीत अर्ज करावा लागतो, की आपण जिवंत आहोत."

"तिथे तरी माणूस बघतो का?"

"बघतो ना. पण नंबर लागायला सहा महिने."

संध्याकाळी घरात हे ऐकून मुलगा आधी हसला. मग आईचा चेहरा बघून म्हणाला, "जाऊ दे ना आई. थांबली तर थांबली. मी आहे ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. "तू आहेस ते मला माहीत आहे. मी आहे की नाही, हा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सुनेने पदर खोचला, म्हणजे खुर्ची ओढली आणि मोबाइल हातात घेतला. "इकडे बघा आई. आता मिटा."

बाईंनी सगळा जोर लावून डोळे मिटले. इतके घट्ट की कपाळाला आठ्या पडल्या. यंत्र म्हणालं, चेहरा आढळत नाही.

"मिटायचे नाहीत, मिचकवायचे. लगेच उघडायचे."

"लगेच उघडायचे तर मिटायचे कशाला? उघड मला येते. झाप येत नाही."

"असं कसं येत नाही? दिवसभर सगळेच करतात."

"दिवसभर कुणी बघत नाही."

सुनेने त्यांच्या कानाशी टाळी वाजवली. बाई हलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "तोफ डाग, तरी कॅमेऱ्यासमोर आमची आई पापणी पाडायची नाही. शोकसभेतल्यांचेसुद्धा डोळे उघडलेत तिने." ही गोष्ट सुनेने लग्न होऊन आल्यापासून अनेकदा ऐकली होती. ती हसली नाही. यंत्राने पुन्हा उद्या यायला सांगितलं.

"माणसाने डोळे मिटले की तो गेला म्हणतात," बाई उठता उठता म्हणाल्या. "इथे मिटल्याशिवाय आहे म्हणायला तयार नाहीत."

गुरुवारीही तेच झालं. फरक एवढाच की पडद्यावर आलेली सूचना पुन्हा वाचता यावी म्हणून सुनेने सवयीप्रमाणे नवऱ्याच्या मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढला. सूचनेच्या वर, लाल गोलात, बाईंचा चेहरा होता. सून सूचना वाचत बसली. मग कंटाळून मोबाइल टेबलावर ठेवून ती भांडी घासायला उठली.

बाईंनी मोबाइल जवळ ओढला. चष्मा पुसून घातला. सून करते तसं दोन बोटांनी चेहरा मोठा केला, मग आणखी मोठा, डोळा पडदाभर होईपर्यंत. एवढा मोठा डोळा त्यांना नोकरीत कधी मिळाला नव्हता.

"डावी पापणी खाली आली आहे," त्या म्हणाल्या. "हा कोपरा उचलायला हवा. आणि उजेडाचा ठिपका दोन ठिकाणी पडलाय, एक काढावा लागेल." नखाने त्या काचेपासून जराशा वर, हवेतच रेघ ओढत होत्या. एक रेघ, हात वर. दुसरी रेघ, हात वर.

सुनेने नळ बंद केला. "आई."

"काय?"

"पापणी."

"तेच म्हणते आहे, डावी खाली आली आहे."

"फोटोतली नाही. तुमची. आत्ता पडली. ही बघा, परत पडली."

"कामात पडायचीच," बाई मान वर न करता म्हणाल्या. "नाही पडली तर रेघ चुकते."

सून हात पुसत त्यांच्याकडे बघत राहिली. यंत्राच्या त्या दिवसाच्या खेपा संपल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी तिने दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं. टेबल खिडकीशी ओढलं, मिठाच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला आणि विचारलं, "ब्रश आहे का एखादा जुना?"

होता. सुयांच्या डब्यात, टोकाला कागदाची नळी घातलेला. बाईंनी नळी काढली, टोक ओठांवर फिरवून बघितलं आणि काही न विचारता बसल्या.

"हे बघा, हा फोटो आलाय दुरुस्तीला. तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

"कुणाचा का असेना. एक बाई आहे. डोळे बिघडलेत."

"बिघडलेले नाहीत, वय झालंय," बाई म्हणाल्या आणि पुढे वाकल्या.

गोल आला, गोलात चेहरा आला. खालची अक्षरं बाईंनी वाचली नाहीत. कोरडा ब्रश काचेला लावून त्यांनी आधी डाव्या पापणीची कड ओढली. चेहरा किंचित हलत होता, ते त्यांना आवडलं नाही. "स्थिर बस गं," त्या पुटपुटल्या. कड पुरी झाली. ब्रश उचलला.

पापणी पडली.

मोबाइल टिंग वाजला. गोल हिरवा झाला.

"झालं," सून म्हणाली.

"थांब, उजवा राहिलाय."

"आई, झालं. हयात आहात तुम्ही. वर्षभर."

पावती आली. तिच्यावर नाव, तारीख आणि यंत्राने त्याच क्षणी टिपलेला फोटो. सुनेने तो बघितला आणि खुर्चीवर बसून हसायला लागली. मग मोबाइल सासूपुढे धरला. फोटोत बाईंचे दोन्ही डोळे मिटलेले होते. हातातला ब्रश कोपऱ्यात अर्धा आला होता.

बाईंनी बराच वेळ बघितलं.

"त्या शिपायाला दाखवायला हवा हा," सून म्हणाली. "उघडून देऊ का डोळे? मोबाइलमध्ये सोय आहे. नुसतं बोट लावायचं."

"कुणाचे लावतो?"

"तुमचेच. दुसऱ्या कुठल्या तरी फोटोतले घेतो."

बाईंनी ब्रशला कागदाची नळी घातली. "राहू दे. उघडलेस तर म्हणतील, फोटो धरलाय समोर."

सून घाईने आवरून निघाली. ब्रश सुयांच्या डब्यात जागेवर गेला, बरणी फळीवर गेली. थोड्या वेळाने बाईंनी खिडकीतून खाली बघितलं, तर सून दुचाकीपाशी थांबून मोबाइलवर अंगठा फिरवत होती. पुढे, मागे, पुन्हा पुढे. आज गडबडीत गॅसच्या बटणांचा फोटो काढायचा राहिला होता.

बाईंनी ओट्याकडे नजर टाकली, मग खिडकीतून वाकून म्हणाल्या, "बंद आहे. मला दिसतंय."

सुनेने वर बघितलं, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि गेली.