नागवेणक्काचं तवसं

नागवेणक्काकडे भेंडीचं, पडवळाचं, चवळीचं बी मागा, ती मूठभर देईल, वर राखही देईल घोळायला. पण माहेरच्या तवशाचं, त्या थोराड पावसाळी काकडीचं, नाव काढलं की तिला ऐकू येईनासं होतं. मी तिची शेजारीण. तिच्या फोडणीला मला शिंका येतात, इतकी जवळची. तरी मलाही कधी एक बी मिळालं नाही.

"अक्का, दोन बिया दे की."

"आणि तुझ्या जिभेचा गुण वेलीला लागला तर?"

माहेर तिचं धरणाच्या पाण्यात गेलं. तिकडून आलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं ते तवसंच. आम्ही बाकीच्या बायका बी राखेत घोळून, शेणाच्या गोळ्यात दाबून स्वयंपाकघराच्या भिंतीवर थापतो. तिच्या आईची रीत निराळी. बी फळाच्या पोटातच राहू द्यायचं, फळ चुलीवर आढ्याला टांगायचं आणि पेरणीच्या दिवशी चिरायचं.

गेल्या पावसात तिचे वेल कुजले. जगला तो एकच, आणि त्याला धरलं तेही एकच फळ. त्यातही मेख होती. त्याच्या आदल्या साली कुंपणावर रानटी कडू वेल चढला होता. त्याचा गुण बियांत उतरला असेल, तर हे फळ कडू निघणार आणि बी फेकून द्यावं लागणार. चिरल्याशिवाय कळणार कसं? दिवाळीपासून अक्का मान वर करून त्या शिंकाळ्याकडे बघत होती. मी म्हणायची, "भावोजींकडे इतकं बघितलं असतंस तर ते गोरे झाले असते."

पावसाआधी शाकारणी निघाली. कामाला बोलावलेल्या बीरानं स्वयंपाकघरावरची कौलं उतरवली आणि जेवायला खाली आला.

"अक्का, वर काही झाकू का?"

"एवढ्यात काय होतंय? भात निवतोय."

आम्ही पडवीत पानावर बसलो आणि आत भांडं पडलं. बाहेर धावलो, तर अंगणातल्या फणसावर एक थोराड माकड. तवसं लेकरासारखं पोटाशी धरलेलं.

तिम्मण्णा भावोजी छर्‍याची बंदूक घेऊन आले.

"खाली ठेवा ती! घाबरलं तर रानात घेऊन जाईल."

"मग काय आरती करू त्याची?"

"गप्प बसा. तुमच्या आवाजानंही पळेल."

माकडानं देठाकडून चावा घेतला. अक्कानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली.

"बघ गं, थुंकतंय का?"

थुंकलं तर कडू, म्हणजे माहेर संपलं. गिळलं तर गोड. पण गोड लागलं तर ते मागे काही ठेवील का? काय मागावं देवाकडे, तेच कळेना. माकड चावायचं थांबलं. मान वाकडी केली. आमच्याकडे बघितलं. मग दुसरा लचका तोडला.

"गोड आहे!" अक्काचा आवाज फाटला. "गोड आहे, आणि मेलं खातंय!"

आता त्याची बोटं गरात शिरली. गालफडं फुगायला लागली. बियाच होत्या त्यात. माझ्या तोंडाशी थट्टा आली होती, ती मी गिळली.

अक्का कोठीत शिरली आणि पिकत घातलेला केळ्यांचा आख्खा घड उचलून आली.

"अगं, उद्या जावई येताहेत!" भावोजी कुजबुजले.

"येऊ देत. त्यांना आंबील पाजेन."

अंगणाच्या मधोमध घड ठेवून ती पाठ न फिरवता मागे सरकली. माकड एक फांदी उतरलं. थांबलं. आणखी एक फांदी. भावोजींना नेमका खोकला आला, त्यांनी पंचा तोंडात कोंबला. माकडानं एकदा घडाकडे बघितलं, एकदा हातातल्या तवशाकडे, आणि तवसं सोडून उडी मारली.

तवसं दगडावर फुटलं. गोठ्यातलं सुटं वासरू वासावर धावलं, तर बीरानं उष्ट्या हातानंच त्याच्या गळ्यात मिठी घातली. "वेचा! अहो, लवकर वेचा!" अक्का ओरडली. माकड घड ओढत कुंपणापार झालं, आणि आम्ही तिघं गुडघ्यांवर. भावोजींनी तर चष्मा काढून नाक जमिनीला लावलं.

हाती आल्या त्या ओंजळभरही नाहीत. अक्कानं त्या राखेत घोळल्या. मग त्यांचे तीन वाटे केले. एक बीराच्या पंच्यात बांधला.

"बायकोला दे. वेल कुंपणापासून लांब लाव म्हणावं."

दुसरा माझ्यापुढे धरला.

"घे. पेरणीपर्यंत भिंतीवर थापून ठेव."

"आणि आईची रीत?"

"आईच्या रीतीनं आज माकड जेवलं. बोलू नकोस, सांडशील."

परसातून घरी जाताना मी ना तोंड उघडलं, ना मूठ.