दाराबाहेर ठेवलेला भोपळा

केज तालुक्यातल्या एका गावातली मोटारचोरी मला आजही तपशीलवार आठवते. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गुन्हा लहान होता. मुद्देमाल म्हणजे विहिरीत सोडलेली पाण्याची एक मोटार. पण तिच्यापायी एका मुलाची नोकरी जाणार होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे गेल्यामुळे गाव निम्मे रिकामे झाले होते. अशा दिवसांत चोरीच्या तक्रारी वाढतात. त्या गावचा एक ख्रिस्ती शेतकरी सकाळीच ठाण्यात आला. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि मोटार जागेवर नव्हती. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली. संशय कोणावर, असे विचारताच त्याने शेजारच्या हिंदू शेतकऱ्याच्या मुलाचे नाव सांगितले. बांधावरून त्या घराशी त्याची बाचाबाची झाली होती, एवढाच आधार.

त्या मुलाची पोलीस भरतीत निवड झाली होती. त्याच्या चारित्र्य पडताळणीचे कागद आमच्याच ठाण्यात आलेले होते. मुलगा भरती व्हावा म्हणून आईवडील परमुलखात ऊस तोडत होते. चोरीच्या गुन्ह्यात त्याचे नाव चढले असते, तर नेमणूक तिथेच संपली असती.

बोलावल्यावर तो लगेच आला. रात्री कुठे होतास, असे मी विचारले.

“घरीच झोपलतो, साहेब. एकटाच हाय. साक्षीला कोन आनू?”

खोटे बोलणारा बहुधा साक्षीदार आधी ठरवून येतो. याच्याकडे कोणीच नव्हते, आणि ते लपवण्याची धडपडही नव्हती. मी त्याला घरी पाठवले, पण संशयितांतून त्याचे नाव काढता येत नव्हते.

केजच्या बसस्थानकाजवळ चहा विकणारा एक माणूस आमचा खबऱ्या होता. त्याने केजपासून मांजरसुंब्यापर्यंतच्या भंगारवाल्यांकडे कानोसा घेतला.

“मोटार बाजारात आलीच न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “गावातच हाय बगा.”

पंचनाम्यातही तेच दिसत होते. चोर केबल कापतो आणि सोबत नेतो, कारण आत तांबे असते. इथे केबल स्टार्टरपासून नीट सोडवून, गुंडाळून खुंटीला टांगलेली होती. उघड्या टोकांना टेप लावलेली होती, कोणाला शॉक बसू नये म्हणून. हे काम घरातल्या माणसाचे होते.

विहीर फिर्यादी आणि त्याचा धाकटा भाऊ यांच्यात सामाईक होती, मोटारही दोघांनी मिळून घेतलेली. पाण्याच्या पाळीवरून दोघांत अबोला होता. मी धाकट्याला विचारले तेव्हा तो जमिनीकडे बघत “मला काय म्हाईत” एवढेच म्हणाला. दमात घेतले असते तर त्याने तोंड आणखी मिटले असते. मी थांबलो.

रविवारी त्यांच्या चर्चमध्ये सुगीचा सण होता. शेतातले पहिले पीक, कोंबड्या, अंडी, जे असेल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. फिर्यादीचा पुरवणी जबाब घ्यायचा म्हणून मी तिथे गेलो आणि अंगणात बसून राहिलो. फिर्यादी जोंधळ्याचे पोते खांद्यावर घेऊन आत गेला. मागून धाकटा आला. त्याच्या डोक्यावर अवाढव्य लाल भोपळा होता. तो दारापर्यंत आला, थबकला, भोपळा बाहेरच्या पायरीवर ठेवला आणि माघारी वळला.

दारात उभ्या असलेल्या चर्चच्या पाळकांना मी कारण विचारले.

“येशूची शिकवण आहे, साहेब,” ते म्हणाले. “दान देताना भावाचं मन आपण दुखवलंय हे आठवलं, तर दान तिथंच सोडायचं. आधी त्याच्याशी समेट, मग दान. मागच्या रविवारी मी हेच सांगितलं होतं. कोणी इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.”

मी धाकट्याच्या मागे निघालो. तो घरामागे कडब्याच्या गंजीतून मोटार ओढत होता. मला पाहून दचकला, पण थांबला नाही.

“पकडायचं ते मागून पकडा, साहेब. आदी हिकडून धरा. लई जड हाय.”

मी धरले. हातगाड्यावर मोटार घालून आम्ही दोघे भर दुपारी चर्चपुढे आलो. आतले गाणे थांबले आणि माणसे बाहेर आली. थोरल्याने मोटारीकडे पाहिले, मग भावाकडे.

“कावून नेलतीस?”

“तू पाळी देत न्हवतास. तुजा हरभरा वाळू दे म्हनलं. पर त्या पोराला ठान्यात नेलं, तवापासून घास उतरंना, दादा. चुकलं माजं.”

थोरल्याने पायरीवरच्या भोपळ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “इतका मोठा भोपळा आला तुला, आन पानी मिळत न्हाई म्हनतोस?”

बायका आधी हसल्या, मग सगळेच. धाकट्याने भोपळा उचलला. पण थोरला त्याच्याबरोबर आत गेला आणि वेदीपुढचे स्वतःचे पोते उचलून बाहेर घेऊन आला. ते त्याने पायरीवर टेकवले.

“माजं बी आत ठिवता येत न्हाई. त्या पोराचं नाव मी घेतलंय.”

तो पुढे, धाकटा त्याच्यामागे आणि त्यांच्यामागे सगळी मंडळी, असे आम्ही त्या हिंदू कुटुंबाच्या घरी गेलो. थोरल्याने त्या पोरापुढे हात जोडले. पोरगा इतका गोंधळला की त्याने फडातल्या बापाला फोन लावला आणि थोरल्याच्या हातात दिला. थोरल्याने सगळे पुन्हा सांगितले. फोनचा आवाज मोठा होता, बापाचे उत्तर सर्वांना ऐकू आले.

“ते ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. मोटार पान्यात टाकली का न्हाई?”

मोटार सामाईक मालकीची आणि तक्रार गैरसमजातून झालेली, म्हणून न्यायालयात ‘क’ समरी, म्हणजे गुन्हा चुकीच्या समजातून नोंदला गेल्याचा अहवाल, पाठवली. पडताळणी अहवालात मुलाविरुद्ध काहीही आक्षेपार्ह नाही, असे लिहून मी सही केली. त्या दिवशीचा लिलाव उशिरा सुरू झाला आणि तो पोरगाही त्यात बोली लावायला बसला.

नोकरीत कबुली देणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले. आपण घेतलेले नाव मागे घ्यायला त्या माणसाच्या दारात जाणारा फिर्यादी क्वचितच. तेव्हापासून फिर्याद घेताना, संशयिताचे नाव लिहिण्याआधी, मी एक प्रश्न जास्त विचारू लागलो: त्या माणसाशी एकदा बोलून आलात का? प्रत्येक फिर्याद मी घेतली, पण नावाच्या जागी काही जण थबकत आणि म्हणत, नाव नंतर सांगतो, आधी जाऊन येतो.