साडूची नजर

माझ्या डोळ्यांचं लेसर ऑपरेशन दोनदा झालं आहे. पहिलं चष्मा घालवण्यासाठी आणि दुसरं साडूचा तोरा उतरवण्यासाठी. दोन्ही यशस्वी झाली. घोटाळा तिथंच झाला!

सत्त्याण्णव साली पुण्याला जाऊन मी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा उतरवला आणि आठ दिवस बिनचष्म्याचं तोंड घेऊन अख्ख्या शाहूपुरीत हिंडलो. (निम्म्या लोकांनी ओळखलं नाही, उरलेल्यांनी ‘आजारी होता काय?’ म्हणून विचारलं.) पण दहा वर्षांत मी पंचेचाळिशीला टेकलो आणि नंबर हळूच परत येऊन बसला. फार नाही, सव्वा. रस्त्यापलीकडचं जरा पुसट दिसायचं, एवढंच.

एक वेळ तेही चाललं असतं. पण मला विलास नावाचा साडू आहे! गुळाचा व्यापारी, घरातला धाकटा जावई. त्याला हातातली पावती वाचायला चाळिशी लागायची, पण लांबचं असं दिसायचं की घारीनं लाजावं.

एकदा आम्ही सगळे सासूबाईंना घेऊन पेठ वडगावला, म्हणजे सासुरवाडीला निघालो होतो. स्टँडवर एस.टी. आत येताना दिसली. मी थोरला जावई! धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि पाच जागा धरल्या. लांबून विलास ओरडला, “दादा, ऱ्हाऊ द्या! आजऱ्याची हाय ती! वडगाव मागनं येतीया!”

सगळ्या गाडीदेखत मी खिडकीतून माझा रुमाल मागून घेतला. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “विलासराव होते म्हणून! न्हायतर आज आजऱ्याला जेवाय लागलं असतं.”

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. मी थेट डॉक्टर गाठला.

“परत लेसर करा.”

“अहो, कशाला? तुमच्या वयाच्या लोकांना पेपर वाचायला चष्मा लागतो. या सव्वा नंबरामुळंच तुम्हाला तो लागत नाही. लांबचं दुरुस्त केलं की जवळचं जाईल.”

“माझ्या साडूला लांबचं लख्ख दिसतं, डॉक्टर!”

डॉक्टरांनी गोंधळून माझ्या बायकोकडं, सुमनकडं पाहिलं. ती म्हणाली, “करून टाका, डॉक्टर. त्यांच्या डोळ्यांत काय न्हाय, पोटात दुखतंय!”

झालं ऑपरेशन. आठव्या दिवशी गच्चीवरून पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाची पाटी वाचली, मालकाच्या नावासकट! नवव्या दिवशी पेपर उघडला. हात लांब केला, अजून लांब केला, मग हातच संपला. तरी मी खूष होतो.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयांची दिवाळी! पुरणाचे धोंडे, ओवाळणी आणि वर वाण. आम्ही दोघं साडू सहकुटुंब वडगावला निघालो. स्टँडवर मी कुणी न विचारता पाट्या वाचत सुटलो. “ती कागल! ती हातकणंगले!” शेजारचे एक म्हातारबा म्हणाले, “पावणं, कंट्रोलर हायसा काय?” मी विलासकडं बघून छाती फुगवली.

वडगावच्या घरी पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, सासूबाई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसल्या होत्या. “आला व्हय, थोरलं पावणं? एवढी सुई ओवा की.” हे नेहमीचंच होतं. त्यांना जवळचं दिसत नसे, विलासला दिसत नसे. त्यामुळं त्यांच्या सुया वर्षानुवर्षं माझ्याचकडं. मी सुई घेतली. दोरा नखाखाली गेला, बाहीत गेला, एकदा तर मिशीतसुद्धा गेला, भोकात काही जाईना!

“मामी, डॉक्टरांनी सुईला मनाई केलीया.”

“सुईला?” सासूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी सुई गुमान वाकळेत टोचून ठेवली.

मला मात्र त्याचं काहीच वाटलं नाही, कारण सोप्यातून मला आतल्या देव्हाऱ्यापुढं ठेवलेले दोन खोके दिसले. एक परातीएवढा, एक मुठीएवढा. वर ठळक शाईच्या चिठ्ठ्या. मोठ्यावर विलासचं नाव आणि मुठीएवढ्यावर माझं!

अंगाची लाही झाली. थोरल्याला डबी आणि धाकट्याला खोका? बायका स्वयंपाकघरात गेल्याचं पाहून मी आत शिरलो. जवळ गेल्यावर सगळं धुरकट झालं. डबीवर सोनेरी मुंग्यांची रांग लागावी तसं काहीतरी बारीक छापलं होतं. वाचता येईना. म्हटलं, असेल कुंकवाची! चिठ्ठ्या सोडवल्या, अदलाबदल करून चिकटवल्या. एवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. मी धाडकन देवापुढं लोटांगण घातलं.

“बगा गं,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “किती देवभोळा माणूस!”

जेवणात मी मिठाचा ढीग खोबरं समजून तोंडात टाकला आणि हूं की चूं न करता गिळला. नजर खोक्यावर होती ना!

ओवाळणी झाली. आत काय आहे हे सुमनला ठाऊक नव्हतं. तिनं चिठ्ठ्या वाचून वाण आमच्या हातात दिलं. सासूबाई निरांजन खाली ठेवून “अगं, अगं!” म्हणेपर्यंत विलासनं डबी उघडलीसुद्धा.

सोन्याची अंगठी!

माझ्या खोक्यातून निघालं भिंतीवरचं घड्याळ. आकडे चांगले बोटभर उंच.

“घड्याळ विलासरावांचं,” सासूबाई म्हणाल्या. “लांबनं दिसावं म्हणून. अंगठी थोरल्या पावण्यांची. इतकी वर्सं माज्या सुया ओवल्या, कदी न्हाय म्हणलं न्हाईत. कशी काय फिरली?”

विलासनं अंगठी लगेच पुढं केली. “दादा, तुमची हाय ही. घ्या की!”

घ्यायची तर चिठ्ठ्या कुणी बदलल्या हा प्रश्न निघणार! सुमन माझ्या खोक्याकडं एकटक पाहत होती. माझ्या नावाची चिठ्ठी मी उलटी चिकटवली होती. तिनं फक्त खोका फिरवला, नाव सुलटं केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“छे, छे!” मी घसा खाकरून म्हणालो. “हातात पडलेलं वाण कुणी परत घेतं व्हय?”

विलासचे डोळे भरून आले. “साडू असावा तर असा! आन मी येडा, चष्म्याबिगर सुई ओवता म्हणून तुमच्यावर जळत हुतो!”

आता सुईसाठी मलाही चाळिशी लागते. ती अंगठी मात्र लांबून फार लखलखीत दिसते, अगदी मांडवाच्या दुसऱ्या टोकावरूनसुद्धा. म्हणून प्रत्येक लग्नकार्यात मी चाळिशी खिशात ठेवून विलासला अगदी खेटून बसतो. तिथून ती दिसत नाही. पावणेरावळे आपले कौतुकानं म्हणतात, “साडू-साडूंचं प्रेम बघा!”