बिडीचा नाही हा खोकला

निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी एक आप्पा बसले होते. मांडीवर दवाखान्याची पिशवी. खोकला आला की ते आधी हात वर करायचे, पोलिसानं गाडी अडवावी तसा. कुणी काही विचारू नये म्हणून.

तरी पुढच्या सीटवरच्या बाई वळून बोलल्याच, "आता तरी बिडी सोडा, आप्पा."

"आक्का, उभ्या जन्मात बिडी वढली न्हाय!" कंडक्टरनं मागं वळून पाहिलं, एवढा तो आवाज. "ठेकेदाराकडं कामाला हुतो, लोकांच्या घरावरचं सिमेंटचं पत्रं कापलं, ॲस्बेस्टॉसचं. त्याची धूळ छातीत बसली. तिचा क्यान्सर हाय ह्यो."

बाई ओशाळल्या. "देवाची इच्छा," म्हणाल्या.

"देवाला कशाला मधी वढता? ठेकेदारानं कापाय लावलं. तोंडाला बांधाय फडकं मागितलं, तर हसला."

त्यांना धाप लागली. मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "मरायचं भ्या न्हाय. पर बिडीनं गेला म्हणून कोण बोललं, तर तिरडीवरनं उठून बसंन."

कोल्हापूरला उतरताना त्यांना पुन्हा खोकला आला. बसमध्ये कुणी तोंड उघडलं नाही. हात मात्र त्यांनी वर केलाच.