क्लॅरिनेटमधून निघालेलं फडकं

वरातीत मास्तर उलटे चालत. पाठ रस्त्याकडे, तोंड आम्हा वाजवणाऱ्यांकडे आणि क्लॅरिनेट ओठांत. नेकनूरच्या आमच्या बँडमध्ये कुणाचा सूर हुकला की वाजवता वाजवताच असे डोळे वटारत, की त्याला घाम फुटावा. मी ट्रंपेटवर होतो, त्यामुळे तो घाम बहुतेक मलाच फुटायचा.

क्लॅरिनेट त्यांच्या उस्तादांचं. बाहेरून रोज पुसून चकचकीत, आतून मात्र कधीच नाही. "उस्तादचा दम हाय त्यात. कावून धुवायचा?" म्हणायचे. त्यांचं पाहून आम्हीही वाद्यं आतून धूत नव्हतो. वाजवून झालं की ओलीच पेटीत.

मास्तरांना खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी धुळीला बोल लावला. मग टीबीची शंका आली. तसं काही निघालं नाही. शेवटी मी त्यांना बीडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "खोकला बारा महिने असतो?" मास्तर म्हणाले, "न्हाई. पावसाळ्यात लग्नं नसतेत, पेटी बंदच ऱ्हाती. तवा लई बरं असतंय." पुढच्या खेपेला पेटी घेऊन या, बाई म्हणाल्या.

बाईंनी क्लॅरिनेटमधून पांढरं फडकं ओढलं. ते हिरवट-काळं होऊन बाहेर आलं, वर कुबट वास. बुरशी होती. वाजवताना घेतलेल्या दमाबरोबर ती वर्षानुवर्षं छातीत जात होती, आणि फुफ्फुसं कडक होत चालली होती. "यापुढे वाजवायचं नाही," बाईंनी सांगितलं. मास्तर फडक्याकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बँडला हौदावर बोलावलं. पितळी वाद्यं साबणाच्या कोमट पाण्याने धुवायची, लाकडी वाद्यं आतून फडक्याने कोरडी करायची, वाळल्याशिवाय पेटी लावायची नाही. मी माझा खोकला लपवला होता. तो त्यांनी तिथंच पकडला आणि मला धरून बीडला नेलं. तो अख्खा सीझन त्यांनी मला ट्रंपेटला हात लावू दिला नाही. मी चिडलो, भांडलो, ते ढिम्म.

मग उमापूरपर्यंतच्या बँडवाल्यांना ते मांडवात गाठू लागले. वऱ्हाडासमोर वाद्यातून फडकं ओढायचे. एक बँडमालक उखडला, "मास्तर, आमची इज्जत काढायला आलात का?" धापा टाकत मास्तर म्हणाले, "शिव्या दे बे. पर आधी आत बघ."

शेवटी ते खाटेवर होते, नाकात ऑक्सिजनची नळी. बाईंनी मला परत वाजवायची मोकळीक दिल्यावर मी ट्रंपेट घेऊन भेटायला गेलो तर म्हणाले, "वाजव." अंगणात उभा राहून मी वरातीची अख्खी चाल वाजवली. उंबऱ्यातून बघितलं, तर त्यांची बोटं चादरीवर चालत होती.

"खोकला आला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, मास्तर."

"मंग अजून एक वाजव बे."