बुर्गीला हवा असलेला दिवस

बुर्गीला पहाटे पाचलाच जाग आली आणि मग अंथरुणात काही ती टिकेना. एकसष्ट वर्षांची बाई, पण लगबग अशी की शाळेची सहलच निघाली आहे! का नसावी? क्योनिग्सझे सरोवर तिच्या दारात, नवरा क्विरिन त्याच सरोवरावर एकतीस वर्षं बोट चालवणारा, आणि सरोवराच्या दूरच्या टोकाला, शेवटच्या धक्क्यापलीकडे असलेलं वरचं तळं तिने त्याच्याबरोबर एकदाही पाहिलेलं नाही. ती गेलीच, तर हा त्या धक्क्यावर तिला उतरवणार, घड्याळ दाखवणार आणि बोट वळवून चालता होणार. एकटीने बघायचं तळं तिला नकोच होतं. तिला हवा होता नवऱ्याचा एक अख्खा दिवस. क्विरिन मागच्याच महिन्यात निवृत्त झाला होता, आणि ऑक्टोबरातल्या या रविवारनंतर तिथवरच्या फेऱ्या हिवाळ्यासाठी बंद होणार होत्या.

बोटीत चढताच क्विरिन सवयीने सुकाणूकडे निघाला. बुर्गीने मागून त्याचं जाकीट धरलं.

"इकडे ये! आज तू पाहुणा आहेस."

सुकाणू शॉर्शकडे होतं. क्विरिननेच तयार केलेला गडी. उंच कड्यासमोर त्याने रिवाजाप्रमाणे बोट थांबवून बिगूल वाजवला. कड्याने सूर जसाच्या तसा परत दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्विरिनचे ओठ मात्र आपोआप फुंकर घालत होते.

"सूर जरा पडला," तो पुटपुटला.

"गप बस. कड्याने काही तक्रार केलेली नाही."

शेवटच्या धक्क्यावर उतरून दोघं चालू लागली. वाट पाव तासाची, पण बुर्गी जवळजवळ पळतच होती.

"अगं, गुडघा सांभाळ!"

"गुडघा घरी ठेवून आलेय!"

झाडं सरली आणि तळं समोर आलं. हिरवंगार, जराही न हलणारं, डोंगर त्यात उलटे उभे. बुर्गी बोलायचीच थांबली, आणि ही काही साधी गोष्ट नव्हे. क्विरिनने तिचा हात धरला. काठाकाठाने दोघं पार पलीकडे गेली, दगडावर बसून पाव आणि पांढरा मुळा खाल्ला. बुर्गी इतकी खूश होती की तिला उगीचच हसू येत होतं.

"शेवटची बोट कधीची रे?"

"साडेचारची. घाई नको," मुळ्यावर मीठ टाकत क्विरिन म्हणाला. "माझ्याशिवाय सुटते कुठे?"

एकतीस वर्षांत सुटली नव्हती, हे खरंच. बुर्गीने त्याचं मनगट उचलून घड्याळ त्याच्यासमोर धरलं. सव्वाचार वाजले होते. मुळा त्याच्या हातातच राहिला.

"अरे देवा! मी तर पाहुणा!"

दोघं धावत सुटली. धक्क्यावर पोचली तेव्हा बोट बरीच दूर गेली होती. क्विरिनने हाका मारल्या. शॉर्शने वळून पाहिलं, भरलेल्या बोटीकडे हात केला आणि परत न्यायला येतो अशी खूण केली. वर पोट धरून हसलाही, मेला.

क्विरिनचा चेहरा उतरला. "उशीर करणाऱ्यांना मी जन्मभर फैलावर घेतलं, बुर्गी. आणि ती गेली की गं माझ्याशिवाय."

बुर्गीला त्याची दया आली, पण आनंद काही लपवता येईना. तिने बूट काढले आणि धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसली.

"बस इथे. एकतीस वर्षं रोज सकाळी ती तुला माझ्याकडून घेऊन जायची. आज एकटी गेली. जाऊ दे तिला!"