छावणीतला टॉवर

त्या दुष्काळात माझ्या लेकीचा धारूरचा धंदा, मोबाइल टॉवरची यंत्रं पुरवायचा, बंद पडायच्या बेतात होता. धंदा वाचवायला, नवे टॉवर कुठं लागतील म्हणून ती मोठ्या गावांची यादी करत बसली होती.

मी म्हणलं, “अगं, गावात हाय कोण? निम्मी माणसं सहकारी कारखान्याच्या चारा छावणीत जनावरांपाशी राहत्यात. तिथं रेंज न्हाई, घरी फोन लावायला टेकडी चढत्यात.”

“माय, छावणीत कुठं टॉवर असतो का?”

“म्हशी चालत्यात, मग टॉवरनं काय घोडं मारलंय?”

हसली, पण फोन कंपनीच्या साहेबाला तिथं घेऊन गेली. टेकडीवरची गर्दी बघून साहेबानं तिच्याकडनंच चाकावरच्या टॉवरची यंत्रं मागवली, मग बाकीच्या छावण्यांसाठीबी. त्या दिवशी लेक लई दिवसांनी पोटभर जेवली, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.